अल-बिरुनी आणि दहावीचा अवनत कोन

रमजानचं वेळापत्रक हल्ली घराघरात दिसतं. मशिदीच्या भिंतीवर, किराणा दुकानाच्या काउंटरवर, कुणाच्या फ्रिजवर चिकटवलेलं. सहरी कधी संपते, इफ्तार कधी, याचं महिनाभराचं कोष्टक. आमच्या शेजारचे काका दरवर्षी मला विचारतात, की रोज अर्ध्या-एक मिनिटाचा हा फरक ठरवतं कोण? मी हायस्कूलमध्ये तीस वर्षं गणित शिकवलं, त्यामुळे मलाही सांगायचा मोह आवरत नाही. पहाटे सूर्य क्षितिजाच्या सुमारे १८ अंश खाली येऊन ठेपला की सहरी संपते. संध्याकाळी तो क्षितिजाआड गेला की रोजा सुटतो. गावाचा अक्षांश घ्यायचा, त्या दिवशीची सूर्याची जागा घ्यायची आणि पुढचं सगळं साइन-कोसाइन. इफ्तारच्या खजुरामागे त्रिकोणमिती आहे म्हटलं की काका हसतात, पण पुढच्या वर्षी पुन्हा विचारतात.

गेली काही वर्षं रमजान आणि दहावीची परीक्षा एकमेकांत मिसळून येत आहेत. सहरीला उठून, नमाज पढून, तसंच सूत्रं पाठ करत बसलेली मुलं-मुली मोहल्ल्यात दिसतात. भूमितीच्या पेपरात त्रिकोणमितीचं एक उदाहरण ठरलेलं असतं. दीपगृहावर उभा असलेला माणूस समुद्रातल्या जहाजाकडे पाहतो, अवनत कोन अमुक अंश, तर जहाज किती दूर? नाहीतर एखादं झाड, एखादा मनोरा आणि उन्नत कोन. आकृती काढली, टॅन ३० किंवा टॅन ६० ची किंमत घातली की गुण मिळतात. मीही तसंच शिकवत आलो.

बऱ्याच वर्षांपूर्वी एका जादा तासाला एका मुलीने उभं राहून विचारलं होतं, की सर, पृथ्वी गोल आहे, मग दीपगृहावरच्या माणसाला क्षितिज नजरेच्या समोर दिसेल की थोडं खाली? मला उत्तर आलं नाही. आलं नाही हे कबूल करण्याऐवजी मी तिला सांगितलं, की हे परीक्षेला नाही, खाली बस. ती बसली. वर्षभरात तिने पुन्हा काही विचारलं नाही. त्या मुलीचा प्रश्न हजार वर्षांपूर्वी एका माणसाने विचारला होता आणि त्या प्रश्नाच्या जोरावर त्याने पृथ्वी मोजली होती, हे मला फार उशिरा कळलं. आजचा लेख त्या माणसाबद्दल आहे.

अबू रैहान मुहम्मद इब्न अहमद अल-बिरुनी. जन्म ४ सप्टेंबर ९७३, ख्वारिज्मची राजधानी काथ इथला. आजच्या उझबेकिस्तानात अरल समुद्राच्या दक्षिणेला हा मुलूख येतो आणि त्या गावाला आता त्यांचंच नाव आहे. बिरुनी म्हणजे बाहेरचा, शहराच्या वेशीबाहेरच्या वस्तीत राहणारा. उर्दू जाणणाऱ्यांना ‘बैरूनी’ हा शब्द ओळखीचा असेल. घराणं मोठं नव्हतं, वडिलांविषयी फारसं काही सांगता येत नाही. पण गुरू मोठा मिळाला. अबू नस्र मन्सूर हा तिथल्या राजघराण्यातला माणूस, आणि तो गणिती होता. गोलावरच्या त्रिकोणांसाठी ज्यांचा नियम सिद्ध करणाऱ्यांत त्याचं नाव घेतलं जातं. राजकुळातल्या माणसाने वेशीबाहेरच्या पोराला भूमिती शिकवावी, आणि पुढे आपले बारा ग्रंथ त्या शिष्याच्या नावे लिहावेत, हे नातं वर्गात शिकवणाऱ्या कुणालाही हेवा वाटावं असं आहे.

सतराव्या वर्षी या मुलाने माध्यान्हीच्या सूर्याची उंची मोजून काथचा अक्षांश काढला. आमच्याकडे या वयाची मुलं अकरावी-बारावीत असतात. त्यानंतर सूर्यनिरीक्षणासाठी एक मोठं वर्तुळाकार यंत्र उभारलं, निरीक्षण जेमतेम सुरू झालं आणि ९९५ मध्ये यादवी पेटली. गुरगंजच्या अमिराने काथ जिंकलं, जुना राजा मारला गेला आणि बाविशीतला बिरुनी परागंदा झाला. आजच्या तेहरानजवळच्या रै शहरात त्यांनी अत्यंत हलाखीत दिवस काढले. तिथल्या एका ज्योतिष्याशी गणिताच्या मुद्द्यावरून वाद झाला, तेव्हा मुद्दा बाजूला ठेवून त्याने यांच्या गरिबीची टर उडवली. पुढे बरे दिवस आले तेव्हा तोच ज्योतिषी गोड बोलू लागला. बिरुनींनी ही गोष्ट आपल्या ग्रंथात नोंदवून ठेवली आहे. मोठी माणसंही अशा गोष्टी विसरत नाहीत, हे वाचून मला बरं वाटलं.

याच काळातली एक हकीकत वर्गात सांगण्यासारखी आहे. २४ मे ९९७ रोजी चंद्रग्रहण होतं. बिरुनी तेव्हा काथमध्ये होते. बगदादला अबुल वफा नावाचे थोर गणिती होते, वयाने बरेच वडील. दोघांनी आधी पत्रांतून ठरवलं, की आपापल्या गावी एकाच ग्रहणाची स्थानिक वेळ नोंदवायची. ग्रहण सगळीकडे एकाच क्षणी लागतं, घड्याळं मात्र गावागणिक वेगळी. दोन वेळांतला फरक सुमारे एक तास निघाला. पृथ्वी एका तासात १५ अंश फिरते, म्हणजे दोन शहरांच्या रेखांशात तेवढा फरक. तार नव्हती, फोन नव्हता, पत्र उंटावरून जायचं, आणि शेकडो मैलांवरचे दोन शिक्षक एक प्रयोग मिळून करत होते. पुढच्या वर्षी अबुल वफा वारले.

१००० च्या सुमारास कॅस्पियन समुद्राकाठच्या जुर्जानच्या काबूस राजाकडे आसरा मिळाला. तिथे निरनिराळ्या लोकांच्या कालगणनांवरचा मोठा ग्रंथ झाला. ज्यू, ख्रिस्ती, पारशी, अरब, ज्याची त्याची वर्षं आणि ज्याचे त्याचे सण. त्यांच्यापेक्षा सात वर्षांनी लहान असलेल्या इब्न सीनाशी त्यांचा पत्रांतून वाद झाला तोही असाच काटेकोर. अ‍ॅरिस्टॉटलच्या विश्वरचनेवर प्रश्न, त्यांवर उत्तरं, उत्तरांवर पुन्हा शंका. काही ठिकाणी सूर बराच तिखट आहे.

पुढे ते मायदेशी परतले. नव्या शाहच्या दरबारात सल्लागार म्हणून मान मिळाला, पण १०१७ मध्ये शाह बंडात मारला गेला आणि त्याचा मेहुणा सैन्य घेऊन आला. हा मेहुणा म्हणजे गजनीचा महमूद. ख्वारिज्म जिंकून त्याने तिथले विद्वानही लुटीच्या मालासारखे गजनीला नेले. त्यांत बिरुनी होते आणि त्यांचे गुरू अबू नस्रही होते.

महमूदचं नाव आलं की आपल्याकडे सोमनाथ आठवतं, आणि आठवावं तसंच ते आहे. या पानावर लिहिताना मी ते नाव पटकन ओलांडून जाणार नाही. बिरुनी त्याच्या पदरी होते ते स्वखुशीने नव्हे, आणि त्याच्या स्वाऱ्यांविषयी त्यांनी काय लिहिलं हे महत्त्वाचं आहे. हिंदुस्थानावरच्या आपल्या ग्रंथाच्या पहिल्याच प्रकरणात त्यांनी नोंदवलं, की या स्वाऱ्यांनी त्या देशाची भरभराट उद्ध्वस्त केली, तिथले लोक धुळीसारखे विखुरले, त्यांच्या मनात मुसलमानांविषयी खोल तिटकारा बसला आणि विद्या काश्मीर, काशी अशा दूरच्या ठिकाणी निघून गेली. हे लिहिलं तेव्हा महमूद नुकताच वारला होता आणि गादीवर त्याचाच मुलगा होता. तरीही लिहिलं.

गजनीला नेल्यानंतरचं पहिलं वर्ष फार वाईट गेलं असावं. १०१८ च्या ऑक्टोबरात ते काबूलजवळच्या एका खेड्यात होते. मनःस्थिती बिकट, हाताशी एकही यंत्र नाही. आणि त्या स्थितीत त्यांना त्या जागेचा अक्षांश काढायचा होता. त्यांनी हिशेबाची धूळपाटी उलटी केली, मागच्या बाजूवर वर्तुळाचा चतुर्थांश काढला, त्यावर अंशांच्या खुणा केल्या आणि गवंडी वापरतात तसा ओळंबा सोडला. झालं यंत्र. आमच्या शाळेत त्रिकोणमितीचं साहित्य नाही म्हणून मी वर्षानुवर्षं कुरकुरत असे. ही गोष्ट वाचल्यावर आम्ही पुठ्ठ्याचा कोनमापक, दोरा आणि एक नट एवढ्यावर शाळेच्या ध्वजस्तंभाची उंची काढली. उत्तर वीतभर चुकलं, पण त्या दिवशी टॅन कशासाठी असतो हे विचारायला कुणी उरलं नाही.

टॅनचं मूळ सावलीत आहे. अरबी गणितात त्याचं नावच ज़िल, म्हणजे सावली. बिरुनींनी सावल्यांवर एक सबंध ग्रंथ लिहिला, कारण दुपारच्या नमाजांच्या वेळा सावलीने ठरतात. जमिनीत रोवलेल्या काठीची सावली काठीच्या लांबीइतकी वाढली, माध्यान्हीची मूळ सावली धरून, की असरची वेळ होते. कोकणातले आमचे शाफई बांधव हे मान्य करतात. हनफी दुप्पट सावलीची वाट पाहतात. वेळापत्रकात असरचे दोन रकाने का असतात, याचं उत्तर हेच. काठी, सावली आणि सूर्यकिरण, झाला काटकोन त्रिकोण.

साइनची गोष्ट तर आपल्या घरची. धनुष्याची दोरी म्हणजे संस्कृतात ज्या किंवा जीवा. वर्तुळाचा कंस म्हणजे धनुष्य, तेव्हा त्याच्या दोरीच्या अर्ध्याला भारतीय गणितज्ञांनी ज्या म्हटलं. अरबांनी शब्द जिबा म्हणून उचलला. अरबी लिपीत स्वर लिहीत नाहीत, त्यामुळे ज-य-ब ही तीन अक्षरं पुढच्या लोकांनी जैब अशी वाचली. जैब म्हणजे कपड्याची घडी, खिसा. हिंदी-उर्दूतला जेब तो हाच. बाराव्या शतकात लॅटिनमध्ये भाषांतर करणाऱ्याने घडीसाठी त्यांच्याकडचा शब्द वापरला, सायनस, आणि त्याचा झाला साइन. आमच्या वडिलांच्या पिढीने मराठी पुस्तकांत ज्या, कोज्या, स्पर्शज्या असंच शिकलं होतं. एक शब्द जग फिरून आला आणि आम्ही त्याला इंग्रजी समजून पाठ करत बसलो.

आता हिंदुस्थान. महमूदच्या राज्यात पंजाब आला होता. बिरुनी लाहोर, मुलतान, सियालकोट, पेशावर या भागांत फिरले, अक्षांश मोजले. आपल्याकडे ते कधी आले नाहीत. मात्र त्यांच्या ग्रंथात रस्त्यांची जी वर्णनं आहेत त्यांत मऱ्हाट देशाचा उल्लेख आहे, आणि कोकणाची राजधानी म्हणून समुद्रकाठच्या ठाण्याचाही. चाळिशी ओलांडल्यावर ते संस्कृत शिकायला बसले. जेत्याच्या दरबारातला माणूस, आणि तोही परधर्मी. पंडितांनी त्याला शिकवावं तरी का? कोणी शिकवेना, पोथ्या मिळेनात, मिळाल्या तर नकलांत चुका. तरी ते पंडितांपुढे शिष्य म्हणून बसले. त्यांनी स्वतःच सांगून ठेवलं आहे, की आधी मी त्यांचा विद्यार्थी होतो. मग थोडी गती आल्यावर मी त्यांना गणिताच्या सिद्धतेच्या पद्धती दाखवू लागलो, तेव्हा ते चकित होऊन भोवती जमू लागले आणि हे तू आमच्यातल्या कोणत्या गुरूकडे शिकलास असं विचारू लागले.

ब्रह्मगुप्त आणि वराहमिहिर त्यांनी नुसते वाचले नाहीत, तपासले. आपल्याकडच्या जुन्या शाळांत ज्याचा घोशा असे त्या त्रैराशिकावर त्यांनी अरबीत स्वतंत्र पुस्तक लिहिलं. उलट दिशेनेही काम सुरू होतं. युक्लिडची भूमिती आणि टॉलेमीचा ज्योतिषग्रंथ ते संस्कृतात नेत होते. पंडितांना सगळं श्लोकात हवं असे, याचा त्यांना वैताग येई, कारण छंद सांभाळताना अर्थ निसटतो. त्यांची सगळीच मतं गोड नाहीत. भारतीय गणितात रत्नं आणि खडे एकत्र मिसळले आहेत असा त्यांचा रोख आहे, आणि पंडितांच्या अहंकारावर त्यांनी सडकून लिहिलं आहे. पण ज्याच्याकडे शिकायला बसलो त्याच्या ग्रंथाशी प्रामाणिक राहायचं, त्याचं म्हणणं त्याच्याच बाजूने मांडायचं, ही शिस्त त्यांनी मोडली नाही.

पंजाबातच, आजच्या पाकिस्तानातल्या झेलम जिल्ह्यात, मिठाच्या डोंगररांगेत नंदना नावाचा किल्ला आहे. इथे त्या मुलीचा प्रश्न येतो.

बिरुनींच्या दोनशे वर्षं आधी खलिफा मामूनने पृथ्वी मोजवून घेतली होती. त्यासाठी मोजणीदार दोरखंड घेऊन वाळवंटात मैलोन्‌मैल चालले होते. बिरुनींना वाळवंटात चालायचं नव्हतं. नंदनाच्या डोंगरासमोर सपाट मैदान पसरलेलं आहे. त्यांनी आधी मैदानातल्या दोन जागांवरून डोंगरमाथ्याचे दोन उन्नत कोन घेतले आणि उंची काढली. आमच्या पुस्तकातलं उदाहरण, शब्दशः. उंची निघाली ६५२ हात आणि वर थोडी. मग ते माथ्यावर चढले आणि क्षितिजाकडे पाहिलं. जिथे आकाश मैदानाला टेकतं ती रेषा नजरेच्या सरळ समोर नव्हती, किंचित खाली होती. किती खाली? ३४ मिनिटं. एक अंशाच्या अर्ध्याहून थोडं जास्त. हाच तो अवनत कोन, आणि हेच मला त्या तासाला सांगता आलं नव्हतं.

आता आकृती काढा. पृथ्वीचा मध्य, डोंगरमाथा आणि दृष्टी जिथे पृथ्वीला नुसती स्पर्श करते ती जागा, या तीन बिंदूंचा त्रिकोण. स्पर्शबिंदूशी काटकोन, कारण स्पर्शिका त्रिज्येला लंब असते, हे दहावीच्या मुलाला पाठ असतं. कर्ण म्हणजे त्रिज्या अधिक डोंगराची उंची. मध्याशी होणारा कोन तेवढाच ३४ मिनिटांचा. त्रिज्या भागिले त्रिज्या अधिक उंची, बरोबर त्या कोनाची कोसाइन. अज्ञात एकच, त्रिज्या. त्याला क्ष म्हणा आणि समीकरण सोडवा. उंचीला कोसाइनने गुणायचं आणि एकातून कोसाइन वजा करून जे उरेल त्याने भागायचं. बीजगणिताचा पेपर आणि भूमितीचा पेपर आम्ही वेगवेगळ्या दिवशी घेतो. इथे ते एका ओळीत येतात.

त्यांचं उत्तर आलं १ कोटी २८ लाख ३ हजार ३३७ हात. मोबाइलवर एक संदेश फिरत असतो, की बिरुनींनी पृथ्वीची त्रिज्या ९९ टक्के अचूक काढली. मला तो संदेश वर्षातून चार वेळा येतो, बहुतेकदा रमजानमध्ये. त्यावर फार फुशारून जाऊ नये. त्यांचा हात नेमका किती सेंटिमीटरचा यावर अभ्यासकांत मतभेद आहेत, आणि हवेत प्रकाश वाकतो त्यामुळे क्षितिजाचा कोनही जरा फसवा असतो. एकदा मी मुलांना कॅल्क्युलेटर देऊन त्यांचेच आकडे घालायला लावले. उत्तर १ कोटी ३३ लाखांच्या घरात आलं! मुलांना वाटलं आपलं चुकलं. चुकलं नव्हतं. ३४ मिनिटांची कोसाइन ०.९९९९५११ असते. ती एकातून वजा केली की उरतं जेमतेम ०.००००४८९. इतक्या बारीक छेदात सहाव्या दशांशस्थळी दोनाचा फरक पडला, की पृथ्वी पाच लाख हातांनी लहान होते. बिरुनींच्या कोष्टकात तेवढीच चूक होती. पद्धत निर्दोष, कोष्टक अपुरं. मुलांना यात जी गंमत वाटली ती बरोबर उत्तरात कधी वाटली नसती.

कोष्टक अपुरं पडतं हे त्यांनाही ठाऊक होतं, आणि म्हणून पुढचं मोठं काम झालं. १०३० च्या सुमारास महमूदचा मुलगा मसऊद याच्या नावे त्यांनी ‘कानून-ए-मसऊदी’ हा ज्योतिर्गणिताचा महाग्रंथ लिहिला. त्यातला एक सबंध भाग त्रिकोणमितीचा आहे. दर पाव अंशाला साइनची किंमत. त्रिज्या ६० धरायची जुनी रीत सोडून त्यांनी ती १ धरली, जी आज आमच्या पुस्तकात आहे. कोष्टक नेमकं करायचं तर एका अंशाची ज्या हवी, आणि ती पट्टी-कंपासाने मिळत नाही. त्यांनी नऊ समान बाजूंच्या आकृतीपासून वाट काढली. ती आकृतीही पट्टी-कंपासाने काढता येत नाही, पण तिचं समीकरण मांडता येतं. एखाद्या संख्येचा घन हा त्या संख्येच्या तिपटीत एक मिळवला तर जे येईल त्याच्या बरोबर असला पाहिजे. ती संख्या कोणती? ती साधारण १.८७९ आहे. बिरुनींनी ती साठाच्या भागांत याहून कितीतरी नेमकी काढली. वर्गसमीकरणावर थांबणाऱ्या मुलांना पुढे घनसमीकरण कशाला असतं हे दाखवायला याहून चांगलं उदाहरण मला सापडलं नाही. भूमिती अडली तेव्हा बीजगणिताने दार उघडलं.

हा ग्रंथ पाहून मसऊदने हत्तीच्या पाठीवर चांदी लादून पाठवली आणि बिरुनींनी ती खजिन्यात परत केली, अशी कथा आहे. खरी असो नसो, त्या माणसाला शोभते.

एक पुस्तक मात्र मला या सगळ्यांपेक्षा जवळचं वाटतं. १०२९ मध्ये त्यांनी ‘किताब-अल-तफहीम’ लिहिलं. तफहीम म्हणजे समजावून देणं. हे त्यांनी कुठल्या सुलतानासाठी लिहिलं नाही, रैहाना नावाच्या, मूळ ख्वारिज्मच्याच, हसनच्या मुलीसाठी लिहिलं. तिने मागितलं म्हणून लिहिलं. सगळं पुस्तक प्रश्नोत्तरांत आहे, पाचशेहून अधिक प्रश्न. आधी भूमिती, मग अंकगणित आणि बीजगणित, मग आकाश, पृथ्वी, कालगणना, यंत्रं, आणि अगदी शेवटी फलज्योतिष, ज्यावर त्यांचा स्वतःचा फारसा भरवसा नव्हता. आधीची पायरी पक्की केल्याशिवाय पुढची चढायची नाही. पुस्तक अरबीत आहे आणि फारसीतही. शास्त्र अरबीतच मांडावं असं त्यांचं मत होतं आणि आपल्या ख्वारिज्मी मातृभाषेत ते मांडणं त्यांना हास्यास्पद वाटे. इथे माझं त्यांच्याशी जमत नाही. मी आयुष्यभर मराठीत बीजगणित शिकवलं आणि ते कुठे अडलं नाही.

पण रैहानाचा विचार मनातून जात नाही. एका मुलीने विचारलं आणि त्या काळच्या सर्वांत मोठ्या गणितज्ञाने पाचशे उत्तरं लिहून दिली. माझ्या वर्गातल्या मुलीने एकच विचारलं होतं. ती आज कुठे आहे मला ठाऊक नाही. हे पान तिच्या घरी येत असेल तर उत्तर वर दिलं आहे. क्षितिज थोडं खाली दिसतं.

गजनीतल्या वर्षांत त्यांनी आणखी एक काम केलं, जे कुठल्याही मशिदीत आजही लागतं. गजनीतून काबा कोणत्या दिशेला, म्हणजे किब्ला कुठे, हे त्यांनी काढलं. आपल्याकडून किब्ला किंचित उत्तरेकडे झुकलेल्या पश्चिमेला येतो. पण गोल पृथ्वीवर ही दिशा नेमकी काढायची तर दोन्ही गावांचे अक्षांश, रेखांश आणि गोलावरचा त्रिकोण लागतो. त्यासाठी त्यांनी बगदादपासून गजनीपर्यंत एकेका शहराची साखळी जोडली. काफिल्यांनी सांगितलेली अंतरं घेतली, रस्त्याची वळणं वजा केली आणि गुरू अबू नस्रने शिकवलेला ज्यांचा नियम लावला. १०२५ मध्ये हा ग्रंथ पुरा झाला. एका नमाजाच्या दिशेसाठी एवढं गणित.

वयाच्या पासष्टीत, चांद्रवर्षांनी मोजलं तर, त्यांनी आपल्या पुस्तकांची यादी केली. ती शंभराच्या वर गेली. त्यानंतरही लिहीत राहिले, औषधी वनस्पतींवर, रत्नांवर. त्यांतली बहुतेक पुस्तकं काळाच्या ओघात हरवली. हिंदुस्थानावरचा ग्रंथ एकोणिसाव्या शतकात जर्मन विद्वान साखाऊ यांनी छापला, तेव्हा जगाला पुन्हा कळला.

शेवटाची गोष्ट अशी सांगतात. १०४८ च्या सुमाराला, गजनीतच, पंचाहत्तरीचे बिरुनी अंथरुणाला खिळले होते. छातीत घरघर लागली होती. एक ओळखीचा कायदेपंडित भेटायला आला. बिरुनींनी त्याला विचारलं, की आईकडच्या आजीच्या वारसाहक्काचा हिशेब तू मला एकदा सांगितला होतास, तो पुन्हा सांग. वारसाहक्काचे हे हिशेब म्हणजे अपूर्णांक आणि समीकरणंच. त्यांच्याच मुलखातल्या अल-ख्वारिज्मीने दोनशे वर्षांपूर्वी बीजगणिताचं पुस्तक लिहिलं तेव्हा त्याचा मोठा भाग याच प्रश्नांनी भरला होता. पाहुण्याला अवघडल्यासारखं झालं. या अवस्थेत हे कशाला, असं तो म्हणाला. त्यावर बिरुनींनी सांगितलं, की हा प्रश्न न समजता दुनियेतून जाण्यापेक्षा समजून गेलेलं बरं. मग त्याने सावकाश सगळा हिशेब मांडून दाखवला. बिरुनींनी तो ऐकला, पाठ केला आणि त्याला पुन्हा म्हणून दाखवला. पाहुणा निरोप घेऊन बाहेर पडला. तो अजून रस्त्यातच होता, तेवढ्यात घरातून रडण्याचा आवाज आला.